पातालपानी–कालाकुंड घाटातलं वायडीएम-४ : चढ, वाळू, ब्रेक आणि पावसातले बिघाड

रामबागी

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांतून शनिवार-रविवारचा बेत ठरलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, मग महूमार्गे पातालपानी. २५ डिसेंबर २०१८ ला या घाटात हेरिटेज गाडी सुरू झाल्यापासून तिच्यावर भरपूर लिहून आलं आहे. धबधबा, चार बोगदे, चोरल नदीचं खोरं, कालाकुंडचा पानातला कलाकंद, सगळं येतं. गाडी ओढणाऱ्या इंजिनावर मात्र एक ओळसुद्धा नसते. हा धागा त्या इंजिनासाठी, म्हणजे वायडीएम-४ साठी.

मार्गाबद्दल थोडक्यात सांगतो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या रेल्वेसाठी १ कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. खंडवा–सनावद हा पहिला तुकडा १ डिसेंबर १८७४ ला उघडला, नर्मदेवरचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ ला. पुढे हीच होळकर स्टेट रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत गेली, मग बी.बी. अँड सी.आय. कडे आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत. अकोला–खंडवा–महू–इंदूर–रतलाम–अजमेर ही सलग मीटरगेज अनेकांना आठवत असेल. तिचे तुकडे एकेक करून बंद झाले आणि महू–ओंकारेश्वर रोडवरची शेवटची मीटरगेज गाडी जानेवारी २०२३ अखेर धावली. आता उरला आहे तो पातालपानी ते कालाकुंड, साधारण साडेनऊ किलोमीटरचा घाट.

माझे प्रश्न असे. या घाटात इंजिनाची खरी कसोटी कुठे लागते? पावसात काय बिघडतं? आणि हे इंजिन आणखी वीस-पंचवीस वर्षं चालतं ठेवायचं तर नेमकं काय लागेल? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

नॉच आठ

आधी यंत्राची ओळख करून देतो. 'वाय' म्हणजे मीटरगेज, 'डी' डिझेल, 'एम' म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हींसाठी. रचना अमेरिकेच्या अल्कोची, त्यांच्याकडचं नाव डीएल-५३५. पहिली इंजिनं १९६१–६२ च्या सुमारास तिकडून आली. काही कॅनडाच्या एमएलडब्ल्यूकडून आली, त्यांना वायडीएम-४ए म्हणतात. १९६८ पासून बनारसच्या डीएलडब्ल्यूमध्ये (रेल्वेचा डिझेल इंजिनांचा कारखाना) ती बनायला लागली. देशाच्या मीटरगेजवरून वाफ हटवली ती मुख्यतः याच इंजिनाने. वायपी आणि वायजी वाफेची इंजिनं ज्या मार्गांवर राबत होती तिथे हळूहळू हे आलं. महूला याचं स्वतःचं डिझेल शेड होतं.

वजन ७२ टन, सहा धुऱ्या (चाकांच्या जोडीचे आस), प्रत्येक धुरीवर ती फिरवणारी एक ट्रॅक्शन मोटर, म्हणजे धुरीमागे १२ टन. सहा सिलिंडर एका ओळीत. सिलिंडरचा व्यास ९ इंच, दट्ट्याची चाल साडेदहा इंच. ताकद १४०० अश्वशक्तीच्या आसपास. टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा ढकलणारा पंखा. डिझेल इंजिन फिरवतं डीसी जनरेटर, आणि जनरेटरच्या विजेवर मोटरा चालतात. सुरू करतानाही हाच जनरेटर बॅटरीच्या जोरावर मोटरसारखा फिरून इंजिनाला फिरवतो, वेगळा स्टार्टर नसतो. म्हणून बॅटरी खचली की इंजिन कितीही धडधाकट असलं तरी जागचं हलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आवाजाबद्दल लोक नेहमी विचारतात. ब्रॉडगेजच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये १६ सिलिंडर, तिथे क्रँकच्या एका फेऱ्यात आठ स्फोट होतात. वायडीएम-४ मध्ये तीनच. म्हणून त्याचा ठोका सुटा, रुंद आणि जड ऐकू येतो. दोन्हींच्या सिलिंडरचं माप तेच, फरक संख्येचा.

थळघाट

आम्हा मुंबई-नाशिकवाल्यांना १:३७ चा थळघाट आणि बोरघाट सवयीचा. पातालपानीचा चढ १:४०, म्हणजे जवळपास तेवढाच. पण तिकडे विजेची इंजिनं आणि मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचा ताफा. इथे १४०० अश्वशक्तीचं एकटं डिझेल कमी पडत नाही का? सगळं ताकदीवरच अवलंबून असणार, असा माझा समज.

घाटवाट

थळघाट, ताकद पुरते. कमी पडते ती पकड. हिशेब मांडून दाखवतो, कारण या घाटाचं सगळं मर्म त्यातच आहे.

१:४० चा चढ म्हणजे दर टनाला २५ किलो मागे ओढ. सपाटीवरचा चाकांचा, बेअरिंगचा विरोध दर टनाला ४ किलो धरू. वळणाचा विरोध मीटरगेजवर दर अंशाला ०.०३ टक्के मानतात, ८ अंशांचं वळण धरलं तर २.४ किलो. एकूण ३१.४ किलो दर टनाला.

आता ५ डबे, भरलेला डबा हिशेबासाठी ३० टनांचा धरू. १५० टन डबे आणि ७२ टन इंजिन, मिळून २२२ टन. गुणाकार केला तर सुमारे ७ टन ओढ लागते.

इंजिन देऊ किती शकतं? १४०० मधून पंखे, ब्लोअर, एक्सप्रेसर (हवा दाबणारं आणि ब्रेकसाठी हवा ओढून काढणारं यंत्र) आणि विजेतली गळती वजा करता चाकांवर १,१०० अश्वशक्ती येते असं मानू. ताशी २० किमीला तिची ओढ होते १४.८ टन. म्हणजे गरजेच्या दुप्पट. ताकदीचा प्रश्न इथेच मिटला.

पण ही ओढ रुळापर्यंत पोचते चाकाच्या पकडीतून. कोरड्या रुळावर वजनाच्या २५ टक्के पकड मिळाली तर १८ टन, छान. पावसाची भुरभुर, रुळावर सागाचा आणि पळसाचा चिखलपाला, तेव्हा पकड १२ टक्क्यांवर येते. ७२ चे १२ टक्के म्हणजे ८.६ टन. लागतात ७. हातात उरलं दीड टन.

यात एक ट्रॅक्शन मोटर बंद पडली असं समजा. ओढायला उरल्या पाच धुऱ्या, ६० टन. त्याचे १२ टक्के ७.२ टन. आता काठावर. एक चाक घसरलं की गाडी उभी.

याच सूत्राने १० डब्यांची जुनी पॅसेंजर पाहा. ३७२ टन, ओढ ११.७ टन. एका इंजिनाची ताकद ती गाडी ताशी २५ ने नेईल, पण ओल्या रुळावर पकड ८.६ च. म्हणून कालाकुंडला मागे बँकर लागायचा. दोन इंजिनांनी एकूण वजन ४४४ टन होतं, ओढ लागते १३.९ टन आणि पकड मिळते १७.३. बँकर मागे लावायचं दुसरंही कारण आहे. दोन्ही इंजिनं पुढे जोडली तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या मीटरगेज कपलरवर येतो. मागून ढकललं की ताण वाटला जातो आणि कपलर तुटलाच तरी डबे दरीकडे पळत नाहीत.

थळघाट

हे डोक्यात पक्कं बसलं. मग वाळू हाच खरा इलाज?

सँडर

हो, आणि पावसाळ्यात सगळ्यांत आधी दगा देते तीही वाळूच. वाळूच्या पेट्या इंजिनावरच असतात. दाबाच्या हवेने नळीतून वाळू चाकापुढे फेकली जाते. यात तीन ठिकाणी गडबड होते.

पहिली, वाळू ओली. पेटीचं झाकण नीट बसत नसेल तर एका रात्रीच्या पावसात वरचा थर घट्ट होतो, खालची वाळू सरकते आणि मधे पोकळी राहते. वरून पेटी भरलेली दिसते, नळीतून काही येत नाही. म्हणून झाकण उघडून नुसतं बघणं पुरेसं नाही, सळई घालून ढवळायचं. दुसरी, नळीचं तोंड. ते चाक आणि रूळ जिथे भिडतात त्या चिरेवर रोखलेलं हवं. खडीचा मार बसून ते बोटभर जरी बाहेर वळलं तरी वाळू खडीत पडते. तिसरी, नळीच्या तोंडाशी ओली माती चिकटून बूच बसतं. घाटात शिरण्याआधी उभ्या इंजिनावर सँडर (वाळू सोडायची कळ) दाबून प्रत्येक नळीखाली रुळावर वाळूची रेघ पडते का ते बघणं, ही पाच मिनिटांची तपासणी कधी टाळू नये.

वाळू चाळलेली आणि भट्टीत वाळवलेली लागते. नदीची बारीक माती मिसळलेली वाळू उलट वंगणासारखी वागते.

आणि घसरण सुरू झाल्यावरचा क्रम. चाक गरगरायला लागलं की त्या मोटरचा प्रवाह पडतो, बाकीच्यांचा तसाच राहतो. हा फरक व्हील-स्लिप रिले पकडतो आणि बझर वाजतो. आधी नॉच (इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या हँडलची पायरी) खाली, मग वाळू, मग पुन्हा एकेक नॉच वर. फिरत्या चाकाखाली पूर्ण नॉचवर वाळू ओतली तर चाक एकदम पकड घेतं आणि तो झटका पिनियनच्या (मोटरच्या छोट्या दातेरी चाकाच्या) दातांवर जातो. बऱ्याच मोटरांचं आयुष्य याच एका चुकीत संपतं.

महूकर

घसरण हा चढाचा प्रश्न. पण पातालपानी वर आहे आणि कालाकुंड खाली. म्हणजे प्रवासी भरून गाडी निघते ती आधी उतरते. उताराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मीटरगेजची जुनी व्यवस्था व्हॅक्यूम ब्रेकची. गाडीभर गेलेल्या पाइपातली हवा ओढून काढली की ब्रेक सुटतात, हवा आत शिरली की लागतात. इंजिनावर पाऱ्याच्या ५३ सेंटीमीटर इतका व्हॅक्यूम आणि गार्डच्या डब्यात किमान ४७ हे धरायचे आकडे. पुढे ५३ दिसतंय आणि मागे ४० च, तर मधे कुठेतरी हवा आत शिरतेय. बहुतेकदा होजपाइपाच्या तोंडाचा रबरी वायसर गेलेला असतो किंवा पाइपालाच बारीक चीर असते. ओल्या हाताचा तळवा जोडावर धरला तर चोखल्यासारखी हवा आत जाताना जाणवते. जोड सगळे ठीक असतील तर डब्याखालच्या व्हॅक्यूम सिलिंडरमधली रोलिंग रिंग बघायची. ती पीळ पडून बसली की त्या डब्याचा ब्रेक अर्धवट लागतो किंवा सुटतच नाही.

ड्रायव्हरच्या हाताशी दोन हँडलं, ए-९ सगळ्या गाडीच्या ब्रेकचं आणि एसए-९ फक्त इंजिनाच्या ब्रेकचं. उतारावर ए-९ च वापरायचं, याचं कारण आकड्यांत बघा. सगळा साडेनऊ किलोमीटर १:४० चा धरला तर उतरण सुमारे २३७ मीटर. घाटवाट यांची २२२ टनांची गाडी तेवढी उतरते तेव्हा सुटणारी ऊर्जा जवळपास १४३ युनिट विजेइतकी. थोडी चाकांच्या विरोधात जाते, उरलेली सगळी ब्रेकब्लॉक आणि चाकांत उष्णता होऊन. ५ डब्यांची ४० चाकं आणि इंजिनाची १२, मिळून ५२ चाकांत वाटली तर चाकामागे पावणेतीन युनिट. फक्त इंजिनाच्या १२ चाकांवर टाकली तर १२ युनिट. चाकं निळी पडतात, ब्लॉक वितळल्यासारखे घासतात आणि ऐन गरजेला ब्रेकची पकड ढिली पडते.

दुसरी गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. व्हॅक्यूम तयार करणारा एक्सप्रेसर इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरच चालतो. इंजिन आयडलवर, म्हणजे भाराविना कमीत कमी फेऱ्यांवर असलं की तोही संथ. ब्रेक लावून सोडला तर व्हॅक्यूम परत ५३ ला यायला वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा ब्रेकची गरज पडली तर हाताशी पुरेसा ब्रेक नसतो. म्हणून जनरेटर फील्डचा स्विच बंद करून नॉच वर घेतात. मोटरांना वीज जात नाही, नुसते इंजिनाचे फेरे वाढतात आणि एक्सप्रेसर जोरात ओढतो. उतारावर इंजिनाचा आवाज मधेच चढतो तो यासाठी. प्रवाशांना वाटतं गाडी वेग घेतेय.

थळघाट

आमच्याकडे लोणावळ्याहून उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडीला ब्रेक तपासायला सक्तीचे थांबे असतात. तेच तत्त्व.

महूकर

तेच. इथे खाली यायला दोनेक तास आणि वर जायला तासभर, असं उलटं वेळापत्रक बघून लोक चक्रावतात. खाली येताना धबधब्यापाशी आणि वाटेत प्रवाशांसाठीही गाडी थांबते, पण उताराला घाई करायची नसते हे त्यामागचं शहाणपण जुनंच आहे.

फिशप्लेट

पावसातल्या विजेच्या बिघाडांवर लिहितो. एक नाव लक्षात ठेवा, ग्राउंड रिले. मोटरांच्या किंवा जनरेटरच्या वायरिंगमधून वीज इंजिनाच्या लोखंडी सांगाड्यात उतरली की हा रिले पडतो. घंटा वाजते आणि इंजिन आयडलवर येतं. पावसाळ्यात मोटरच्या तपासणी-झाकणाची फेल्ट किंवा रबरी पट्टी जुनी झालेली असेल तर रुळांमधलं पाणी उडून आत जातं आणि ब्रशहोल्डरच्या इन्सुलेटरवर ओलसर काजळीची रेघ उमटते. वीज त्याच रेघेवरून जाते.

चढावर रिले एकदा पडला तर रिसेट करून बघा. लगेच पुन्हा पडला तर रिसेटचा हट्ट धरू नका, कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बनचे ब्रश टेकतात) जळेल. मोटर कट-आउट स्विचने एकेक मोटर वेगळी करून दोषी कोणती ते शोधायचं. सापडली की ती बंद ठेवून पुढे जायचं, आणि इथे घाटवाट यांचा ७.२ टनांचा आकडा आठवायचा. ओला रूळ, ५ डबे, एक मोटर बंद. अशा वेळी पुढे रेटण्यापेक्षा दुसरं इंजिन मागवणं शहाणपणाचं.

शेडमधला इलाज साधा, फक्त वेळखाऊ. झाकण काढायचं, कोरड्या दाबाच्या हवेने कार्बनची धूळ उडवायची, इन्सुलेटर कोरड्या स्वच्छ फडक्याने चकचकीत पुसायचे, ओल असेल तर मोठे दिवे किंवा हीटर लावून रात्रभर वाळवायचं. मग मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावायचा. आकडा एक मेगओहमच्या खाली असेल तर अजून वाळवा. ब्रश होल्डरमध्ये बोटाने वरखाली सहज सरकले पाहिजेत. अडकलेला ब्रश ठिणग्या पाडतो आणि ठिणगी पडली की कम्युटेटर काळं.

रामबागी

हंगाम संपल्यावर इंजिन महिनोन्महिने उभं राहिलं तर? मला हीच काळजी जास्त वाटते. चालत्या इंजिनाचे बिघाड दिसतात तरी.

नॉच आठ

काळजी बरोबर आहे. उभं इंजिन चालत्यापेक्षा लवकर म्हातारं होतं.

बॅटरीपासून सुरुवात. लेड-अॅसिड बॅटरी महिनाभर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. अधूनमधून चार्जिंग आणि प्रत्येक सेलची हायड्रोमीटरने घनता तपासणं, दोन्ही हवंच. १.२५० च्या आसपास असेल तर ठीक. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तो सगळ्या संचाला खाली ओढतो.

दहा-पंधरा दिवसांनी एकदा इंजिन सुरू करावं, पण तेही नीट. आधी डिपस्टिकवर तेल बघा. पातळी मागच्या वेळेपेक्षा वाढलेली दिसली तर ते वाईट लक्षण. तेल आपोआप वाढत नाही, एकतर त्यात डिझेल उतरलंय किंवा पाणी. पाण्याची परीक्षा सोपी. तव्यासारखा पत्रा गरम करून त्यावर तेलाचा थेंब टाका. मोहरी तडतडल्यासारखा आवाज आला तर पाणी आहे. शांतपणे पसरून धुरावलं तर नाही. डिझेल मिसळलं असेल तर तेल बोटांत पातळ लागतं आणि वासही येतो. नक्की कळायला प्रयोगशाळेत चिकटपणा मोजावा. बऱ्याचदा इंधनपंपाजवळची बारीक परतीची नळी गळत असते.

मग सिलिंडरचे टेस्ट प्लग (तपासणीच्या भोकांची बुचं) उघडून इंजिन एक-दोन फेरे फिरवायचं. एखाद्या भोकातून पाण्याचा फवारा आला तर तिथेच थांबा. लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) सील किंवा हेड गळतंय. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे प्लग बंद ठेवून इंजिन चालू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढ्या एका फेऱ्याने इंजिन कायमचं मोडीत जाऊ शकतं, म्हणून कितीही घाई असो, हे टाळायचं नाही.

सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. आयडलवर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, अर्धवट जळालेलं डिझेल आणि वंगण धुराड्याच्या वाटेत चिकट राळेसारखं साठतं. पुढच्या वेळी चढावर पूर्ण नॉच दिला की ते पेट घेतं आणि धुराड्यातून ज्वाळा दिसतात. पाणी ६० अंशांच्या वर जाईपर्यंत इंजिन गरम करा, मग गाडी जोडून किंवा ब्रेक हलकेच लावून थोडं भारावर चालवा. आणि दोनचारशे मीटर पुढेमागे हलवाच. महिनोन्महिने एकाच जागी उभं राहिलं की धुरीच्या रोलर बेअरिंगमध्ये रोलर एकाच ठिकाणी टेकून खाचा पाडतात. पुढे तेच बेअरिंग गरम होतं.

उंदरांचं सांगून ठेवतो. कंट्रोल कॅबिनेटमध्ये उंदीर शिरला तर आठवड्यात वायरिंगची चाळण करतो. केबलच्या भोकांना बुचं आणि दाराची पट्टी, खर्च अगदीच किरकोळ.

घाटवाट

धुराबद्दलही एक गैरसमज दूर करू. अल्को नॉच घेताना काळा धूर सोडतो म्हणजे बिघाडच, असं नाही. नॉच वाढताच इंधन लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तोवर हवा कमी, धूर काळा. पाच-दहा सेकंदांत निवळला तर ठीक. सतत काळाच राहिला तर एअर फिल्टर किंवा आफ्टरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) तुंबलेला, टर्बो थकलेला किंवा इंजेक्टर थेंब गाळतोय. निळसर धूर म्हणजे वंगण जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बोची सील. थंड इंजिनाचा पांढरा धूर गरम झाल्यावर जातो, नाही गेला तर पाण्याची टाकी बघा.

वऱ्हाडी

सुटे भाग कुठून येणार? अकोला–खंडवा लाइन २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली, धुळघाटचा रुळांचा वेढाही तिच्यासोबत थांबला. मीटरगेजची शेडं एकेक मिटली. काही इंजिनं मलेशिया, म्यानमारला गेली, उरलेली बहुतेक भंगारात.

फिशप्लेट

हा प्रश्न दोन भागांत बघा. सिलिंडरच्या आतलं सामान, म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर, व्हॉल्व, इंजेक्टर, हे अल्को २५१ कुटुंबात, म्हणजे अल्कोच्या ज्या इंजिनमालिकेतलं वायडीएम-४ चं इंजिन आहे तिच्यात, मोठ्या प्रमाणात सामाईक. डब्ल्यूडीएम-२, ३ए, ३डी सगळी त्याच मापाची. रतलामचं डिझेल शेड याच कुटुंबावर वाढलेलं, तिथे हे हात आणि हत्यारं दोन्ही आहेत. पण ब्रॉडगेजवर विजेचे खांब उभे राहिल्यापासून हीच अल्को इंजिनंही झपाट्याने निघतायत. आज भंगारात जाणाऱ्या प्रत्येक अल्कोमधून चांगल्या स्थितीतले हेड, लायनर, फ्युएल पंप, टर्बोचे भाग मोजून, तेल लावून, खोक्यात बंद करून ठेवले तर या घाटाची कित्येक वर्षांची सोय होते. दहा वर्षांनी हे सामान शोधून सापडणार नाही.

दुसरा भाग अवघड. सहा सिलिंडरचा ब्लॉक, त्याचा क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट हे तिन्ही ब्रॉडगेजच्या डब्ल्यूडीएस-६ या शंटिंग इंजिनातही सापडतात. राहिल्या मीटरगेजच्या अरुंद ट्रॅक्शन मोटरा, धुऱ्या, चाकं, बोगीच्या चौकटी. हे ब्रॉडगेजमधून मिळत नाही. त्यासाठी उरलेल्या वायडीएम-४ पैकी एक-दोन पूर्ण इंजिनं फक्त सुट्या भागांसाठी, छपराखाली ठेवायला हवीत. ट्रॅक्शन मोटर तर फिरतीवर हवी. एक दुरुस्तीला गेली की दुसरी तयार.

महूकर

यात आणखी एक अडचण आहे. महू–पातालपानी ब्रॉडगेजसाठी गेल्यावर हा घाट मीटरगेजचं बेट झालाय. मोठ्या दुरुस्तीला इंजिन रुळावरून चालत जाऊ शकत नाही, ट्रेलरवर किंवा ब्रॉडगेजच्या सपाट वॅगनवर चढवून न्यावं लागतं. त्यामुळे पातालपानीलाच इंजिनाखाली उतरायचा खड्डा, छप्पर, मोटर उतरवायची सोय, कॉम्प्रेसर आणि वाळूची भट्टी एवढं तरी असायला हवं. ब्रेकब्लॉक बदलणं, मोटर वाळवणं, इंजेक्टर बदलणं इथल्या इथे झालं तर हंगामातला एकही शनिवार बुडणार नाही. आणि माणसं. ए-९ वर व्हॅक्यूम कसा सांभाळायचा, चढावर थांबलेली गाडी एसए-९ धरून कशी उचलायची, हे हाताला ठाऊक असलेली पिढी निवृत्त होतेय. पावसाळ्याआधी त्यांना बोलावून नव्या लोको पायलटांना रिकाम्या गाडीवर घाटात शिकवावं, अशी माझी मनापासून मागणी आहे.

थळघाट

चढावर थांबलेली गाडी कशी उचलतात तेवढं सांगा.

महूकर

एसए-९ ने इंजिन घट्ट धरायचं. ए-९ सोडून व्हॅक्यूम बनू द्यायचा, गार्डच्या डब्यात ४७ येईपर्यंत वाट बघायची. घाई केली तर मागच्या डब्यांचे ब्रेक लागलेलेच असतात आणि तुम्ही त्यांनाही ओढताय. मग वाळू सुरू, पहिला-दुसरा नॉच, ॲमीटरचा काटा चढला की एसए-९ हळूहळू ढिलं. गाडी कपलरवर ताणली जाऊन हलायला लागली की पुढचा नॉच. काटा लाल पट्ट्यात आणि चाकं जागची हलत नाहीत, तर नॉच शून्यावर आणा. उभ्या मोटरमधून मोठा प्रवाह जात राहिला तर कम्युटेटरच्या त्याच पट्ट्या भाजतात. गाडी मागे सरकायला लागली तर सगळं सोडून आधी ब्रेक.

रामबागी

उत्तम माहिती. शेवटचं विचारतो. गाडीने जाणाऱ्या साध्या प्रवाशाला इंजिनाची तब्येत बाहेरून कळावी असं काही आहे का?

नॉच आठ

आहे. पातालपानीला गाडी सुटण्याआधी फलाटाच्या अंतरावरूनच बघा. इंजिनाच्या चाकांपुढे रुळावर वाळूची ताजी रेघ आहे का. परतीच्या चढावर बझर किती वेळा वाजतो आणि प्रत्येक वेळी इंजिनाचा आवाज पडून पुन्हा चढतो का ते ऐका. आणि कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबते, तिथे इंजिन बंद करणार असतील तर हुडापासून जरा दूर उभं राहून घड्याळ लावा. आधी काही मिनिटं आयडलवर ठेवलं पाहिजे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत राहतं. इंजिनाचा ठोका थांबल्यावर एक बारीक शिट्टीसारखा आवाज उरतो, तो एकटा फिरणारा टर्बो. निरोगी टर्बो दीड ते तीन मिनिटं फिरत राहतो. ९० सेकंदांच्या आत मुका झाला तर बेअरिंग घासतंय किंवा आत कार्बन साठलाय, आणि पुढच्या शनिवारी चढावर काळा धूर निवळणार नाही. वेळ टिपून इथे लिहा, तारखेसकट आणि इंजिनाच्या नंबरासकट.